छायाप्रकाश : कॅमेरा पाहावा घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी कॅमेरा ही घरोघरची वस्तू नव्हती. असती, तर त्या म्हणीला तिसरे शेपूट खात्रीने जोडले गेले असते. घर बांधताना माणूस निदान गवंड्याशी भांडू शकतो, लग्नात व्याह्यांवर रुसू शकतो. कॅमेरा घेताना भांडायचे कोणाशी आणि रुसायचे कोणावर? जो तो आपापल्या कंपनीचा झेंडा खांद्यावर घेऊन उभा, आणि खिसा मात्र आपला!

दसरा उलटला, दुकानांवर दिव्यांच्या माळा चढल्या, की या सदराच्या टपालाचा रंगच बदलतो. एरवी वाचक विचारतात, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ती कशी टाळावी, किंवा दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली सावली पडते ती कशी घालवावी. दिवाळीच्या सुमारास मात्र प्रश्न एकच. ‘माझ्याजवळ जुना कॅमेरा आहे. आता फुल फ्रेम मिररलेस घ्यावा म्हणतो. सोनी घेऊ, कॅनन घेऊ, निकॉन घेऊ की पॅनासॉनिक?’ आणि खाली ठळक रेघ ओढलेले वाक्य : ‘कृपया एकच नाव कळवावे.’

एकच नाव कळवणे मुळीच अवघड नाही. पण नाडी न पाहता पुडी बांधून देणाऱ्या वैद्याकडे शहाण्याने जाऊ नये आणि त्या वैद्यानेही अंगणात पाटी लावू नये. तेव्हा वार्षिक अंकात जागा जरा ऐसपैस मिळाली आहे, ती साधून आज नाडीच पाहू.

प्रथम या ‘फुल फ्रेम’चे कूळ पाहू. फुल म्हणजे पूर्ण; पण पूर्ण कशाच्या मानाने? तर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद अशा एका चौकटीच्या मानाने. हे माप काही आकाशातून पडलेले नाही. जर्मनीत लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक नावाचे एक तंत्रज्ञ होते. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म त्यांनी आडवी चालवली, सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक चौकट धरली, आणि त्यातून कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा जन्मला. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. मोठमोठ्या काचांवर चित्रे घेणाऱ्या तेव्हाच्या जाणत्यांना ही चौकट अगदी चिमुकली वाटे. आज तीच चौकट ‘पूर्ण’ म्हणून मिरवते आहे, आणि तिच्याहून लहान सेन्सरला आपण ‘क्रॉप’, म्हणजे छाटलेला, म्हणून हिणवतो. काळाचा महिमा, दुसरे काय!

मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरपा आरसा असतो. तो लेन्समधून आलेले दृश्य वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबताच खटकन बाजूला होतो. आरसा काढून टाकला की दोन गोष्टी साधतात. सेन्सरला जे दिसते तेच आपल्याला आधी दिसते, म्हणजे फोटो काळा येणार की पांढरा पडणार हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. शिवाय लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते. निकॉनच्या जुन्या पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, ते नव्या झेड पद्धतीत १६ वर आले. कॅननचे ४४ होते, ते २० झाले. या वाटेने २०१३ साली सोनीने ए ७ आणि ए ७ आर हे दोन कॅमेरे काढून आघाडी घेतली. निकॉन आणि कॅनन यांनी पाच वर्षे विचार केला आणि २०१८ साली, महिन्याभराच्या अंतराने, दोघेही त्याच वाटेला लागले. त्याच वर्षी लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा या तिघांनी मिळून ‘एल माउंट’ नावाची एक सामाईक बैठक ठरवली. आज आपण ज्या चार घराण्यांत घुटमळतो, ती ही अशी उभी राहिली.

आता मुद्द्याचे. मोठा सेन्सर घेतल्याने पदरात नेमके काय पडते? येथे थोडे अंकगणित करावे लागेल. पण ते किराण्याच्या हिशेबाहून कठीण नाही. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन-सोनीच्या क्रॉप सेन्सरचे सुमारे ३६७, कॅननच्या क्रॉप सेन्सरचे सुमारे ३३२. म्हणजे फुल फ्रेम सुमारे अडीच पट मोठा. पाऊस तोच, पण परात अडीच पट मोठी ठेवली तर पाणीही अडीच पट साठणार. प्रकाशाचे तसेच आहे. साठलेला प्रकाश जास्त म्हणून अंधारातल्या फोटोवर येणारी रवाळ कणकण कमी. फुल फ्रेमचा मोठा फायदा म्हणतात तो हाच.

पण जरा थांबा. परात बदलण्याऐवजी पन्हळ रुंद केली तर? एफ २.८ ची लेन्स काढून त्याच जुन्या कॅमेऱ्यावर एफ १.८ ची लेन्स लावली, तर आत येणारा प्रकाश किती वाढतो? हिशेब करा : सुमारे २.४ पट. म्हणजे जवळजवळ तेवढाच! जो फायदा मिळवण्यासाठी आपण लाखाच्या पलीकडची बॉडी घ्यायला निघालो, तोच फायदा पुष्कळांना एका साध्या, ठरावीक अंतराच्या लेन्सने मिळू शकतो. दुकानाच्या काचेवर हे वाक्य लिहिलेले सापडणार नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवतो. अर्थात ज्यांच्या कॅमेऱ्यावर एफ १.८ ची लेन्स आधीच चढलेली आहे आणि तरीही अंधार पुरून उरतो, त्यांनी पुढे वाचावे. फुल फ्रेम त्यांच्यासाठी आहे. कीर्तनाच्या मंडपात, नाटकाच्या विंगेत, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर उभे राहून ज्यांना काम करावे लागते, ती ही मंडळी.

मेगापिक्सेलचे वेड हे दुसरे प्रकरण. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या मापाने तो २० इंच लांब छापता येतो. आपल्या हातात हा जो अंक आहे, त्याची दोन पाने शेजारी ठेवली तरी एवढी लांबी भरेल की नाही याची शंकाच आहे. मोठ्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर सारे मिळून ८३ लाख ठिपके, म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेल. आणि ज्या मोबाइलवर पाहुणेमंडळी आपला फोटो अंगठ्याने सरकवून पुढे जातात, त्यावर तर त्याहून कमी. पंचेचाळीस मेगापिक्सेल ज्यांना लागतात, त्यांना ते का लागतात हे पक्के ठाऊक असते. ज्यांना विचारावे लागते, त्यांना चोवीस ते तेहतीस भरपूर झाले.

मुलगी देताना आपण मुलगा पाहतो, पण त्याहून अधिक त्याचे घर पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. बॉडी पाच-सात वर्षांत म्हातारी होते. लेन्स नीट सांभाळली तर वीस वर्षे नांदते. बॉडी बदलता येते, घराणे बदलणे महागात पडते. म्हणून सोयरीक बॉडीशी नव्हे, लेन्सच्या घराण्याशी जुळवायची. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण या व्यवहाराला इतकी चपखल बसते, की ती एखाद्या फोटोग्राफरनेच रचली असावी!

सोनीचे घर मोठे आणि मोकळे. २०११ सालीच या कंपनीने आपल्या ई माउंटची माहिती इतर लेन्सवाल्यांना विनामूल्य देण्याचे ठरवले. परिणामी सिग्मा, टॅमरॉन आणि कितीक छोट्या-मोठ्या कंपन्यांच्या लेन्सेस या घरात सुखाने नांदतात. नव्या माणसाला निवड भरपूर आणि जुन्या बाजारातही माल भरपूर. ज्याच्याजवळ आधीचे काहीच नाही, त्याने हे दार आधी ठोठवायला हरकत नाही.

कॅननचे घर शिस्तीचे. स्वतःच्या लेन्सेस नामी, पण परक्यांना उंबरठा ओलांडू देण्याच्या बाबतीत घर कर्मठ. २०२४ साली सिग्मा आणि टॅमरॉन यांना या घरी रीतसर प्रवेश मिळाला, तोही क्रॉप सेन्सरच्या लेन्सेसपुरता. मात्र जुन्या कॅननवाल्यांसाठी एक फार मोठी सोय आहे. १९८७ सालापासून कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या पोटातच असते. त्यामुळे कंपनीचा अ‍ॅडॉप्टर लावला की जुनी ईएफ लेन्स नव्या बॉडीवर फोकससकट काम करते. वडिलांच्या वेळची लेन्ससुद्धा नव्या घरात रुळते, हे सुख लहान नव्हे.

निकॉनच्या घरी बैठक ऐसपैस; झेड माउंटचे तोंड ५५ मिलिमीटरचे. २०२२ पासून टॅमरॉन आणि २०२३ पासून सिग्मा यांची ये-जाही येथे सुरू झाली. जुन्यांसाठी एफटीझेड नावाचा अ‍ॅडॉप्टर आहे. पण त्यात एक मेख आहे. ज्या जुन्या लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ असते, तिचा ऑटोफोकस चालतो. ज्या ‘डी’ जातीच्या लेन्सेसना फोकससाठी बॉडीतल्या मोटरचा आधार लागे, त्यांचा ऑटोफोकस या अ‍ॅडॉप्टरवर चालत नाही. हाताने फिरवावा लागतो. आपल्याकडे घरोघरी असलेली ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही याच जातीची, हे विसरू नये.

चौथे घर एल माउंटचे. सिग्मा या घरात पाहुणी नसून भागीदारच आहे, त्यामुळे तिच्या लेन्सेस येथे हक्काने मिळतात. पॅनासॉनिकचे कॅमेरे व्हिडिओच्या कामाला नावाजलेले. फोकसच्या बाबतीत मात्र ते मागे समजले जात. २०२३ च्या एस ५ मार्क २ या कॅमेऱ्यात कंपनीने प्रथमच फेज डिटेक्शन ऑटोफोकस आणला आणि तो आक्षेप बराचसा दूर केला. लग्नाचा फोटो कमी आणि चित्रफीत अधिक, असे ज्यांचे काम, त्यांनी हे घर पाहावे. पण आपल्या गावात, आपल्या ओळखीच्यांत या घरचे कोणी आहे का, हेही पाहावे. मुहूर्ताच्या दिवशी लेन्स रुसली तर शेजारच्याची उसनी मिळते की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

*

आता टपालातली दोन पत्रे घेतो. नावे छापत नाही. पण ही पत्रे लिहिणारे दोघेच असले, तरी त्यांच्या जागी असलेले वाचक पुष्कळ असावेत.

पहिले पत्र सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेले. लिहिणारे तरुण आहेत, वडिलांचा स्टुडिओ चालवतात. लग्नाच्या कामासाठी त्यांच्याजवळ निकॉनचा डी ७५० आहे. एएफ-एस जातीच्या २४-७० आणि ७०-२०० या दोन मोठ्या लेन्सेस, आणि ‘डी’ जातीच्या ५० नि ८५ या दोन लहान. ते लिहितात : ‘हल्ली लोक सुपारी देतानाच विचारतात, मिररलेस आहे का? नसेल तर पुढच्या दुकानात जातात. माझ्याजवळ दीड लाख शिल्लक आहे. सगळे जुने विकून सोनीचा नवा संच घ्यायचा तर साडेचार-पाच लाखांचा अंदाज निघतो. उरलेल्या रकमेसाठी मंडळींच्या पाटल्या पतपेढीत ठेवाव्यात असा विचार आहे. तुळशीचे लग्न झाले की सीझन सुरू. लवकर कळवावे.’

या पत्रातला ‘पाटल्या’ हा शब्द वाचल्यावर मेगापिक्सेलची चर्चा बाजूला ठेवणे भाग आहे. तेव्हा आधी सांगतो : पाटल्या जिथे आहेत तिथेच राहू द्या. आणि आता का, ते ऐका.

आपला डी ७५० हा २०१४ सालचा कॅमेरा. पण त्याचा सेन्सर फुल फ्रेमच आहे आणि मेगापिक्सेल चोवीसच आहेत. नव्या चोवीस मेगापिक्सेलच्या बॉडीने मंडपातला फोटो जास्त ‘स्वच्छ’ येईल अशी अपेक्षा असेल, तर परात तेवढीच आहे, हे ध्यानात घ्यावे. फरक पडेल तो दुसरीकडे. डी ७५० चे ५१ फोकसबिंदू चौकटीच्या मध्यभागी गर्दी करून बसलेले आहेत. मिररलेसमध्ये फोकस जवळजवळ सगळ्या चौकटीवर पसरलेला असतो आणि तो नवरीचा डोळा शोधून धरून ठेवतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा. दोघांत केसभर अंतर पडले की नाकावर फोकस आणि डोळे धूसर. मिररलेसमध्ये मोजणाराही सेन्सर आणि घेणाराही सेन्सर, म्हणून हा घोळ बहुतांशी मिटतो. शिवाय मंगलाष्टके चालू असताना आरशाचा खटखटाट नाही. हे फायदे खरे आहेत आणि लग्नाच्या कामात ते उपयोगी पडतात. म्हणून मिररलेस घ्यायचे आपले मन चुकीचे नाही. चुकीचे आहे ते ‘सगळे विकून’ हे दोन शब्द.

आपल्या दोन मोठ्या लेन्सेस एएफ-एस आहेत. एफटीझेड लावला की त्या नव्या निकॉन बॉडीवर फोकससकट चालतील. दोन ‘डी’ लेन्सेस तेवढ्या हातफोकसच्या होतील. त्या विकाव्यात, किंवा डी ७५० वरच ठेवाव्यात. म्हणजे घ्यायची ती फक्त एक बॉडी, एक अ‍ॅडॉप्टर आणि जादा बॅटऱ्या. २०२५ साली आलेली झेड ५ मार्क २ किंवा वापरलेली झेड ६ मार्क २ या आपल्या कामाच्या. दोन्हींत दोन कार्डे बसतात. झेड ५ मार्क २ मध्ये दोन्ही साधी एसडी, झेड ६ मार्क २ मध्ये एक एसडी आणि एक महागडे. भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून येथे छापत नाही. पण शिलकीला थोडी तोशीस लागली तरी पाटल्यांना लागू नये. डी ७५० विकू नका. दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून एक सीझन काढा. नवी लेन्स पुढच्या वर्षी, सीझनच्या कमाईतून.

दोन कार्डांचा आग्रह मुद्दाम धरतो. काही आटोपशीर बॉड्यांत, उदाहरणार्थ कॅनन आर ८ किंवा सोनी ए ७ सी मार्क २ मध्ये, कार्डाची जागा एकच आहे. हौशी माणसाला त्यात काही वावगे नाही. पण कार्ड हे यंत्र आहे आणि यंत्र कधीतरी दगा देतेच. डोंगराचा फोटो पुन्हा काढता येतो. सप्तपदी पुन्हा घालायला सांगता येत नाही. ज्याच्या फोटोवर दुसऱ्याच्या घरची आठवण अवलंबून आहे, त्याने प्रत्येक फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी उतरवावा. निकॉनची पहिली झेड ६ अजून जुन्या बाजारात स्वस्तात दिसते. तिच्यातही कार्ड एकच, हे पाहून ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. बॅटरी : उत्पादकांच्या ठरलेल्या मापाने डी ७५० एका चार्जवर १२३० फोटो देत असे, तर पहिली झेड ६ देई ३१०. प्रत्यक्षात सलग काम करताना हा आकडा पुष्कळ वाढतो, नव्या बॉड्यांत सुधारणाही झाली आहे, पण आरसा गेला की पडदा सतत जळत राहणार आणि बॅटरी पिणार, हे तत्त्व बदलत नाही. लग्नाच्या दिवशी खिशात तीन बॅटऱ्या हव्यातच. दुसरे, निःशब्द शटरचा मोह. निःशब्द म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. ते सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसते, आणि नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवर पट्टे उमटतात. तेव्हा मंडपात शक्यतो यांत्रिक शटर, आणि वेग एकशतांश किंवा एकपन्नासांश सेकंद. सजावटीच्या काही दिव्यांची लुकलुक याहून वेगळ्या गतीची असते. म्हणून वऱ्हाड येण्यापूर्वी दोन फोटो काढून, मोठे करून पाहावेत. शेवटचे म्हणजे, ‘मिररलेस आहे का?’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला सीझनपासून ‘आहे’ असे उत्तर देता येईल, आणि तेही पतपेढीचा हप्ता डोक्यावर न घेता.

दुसरे पत्र पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचे. दर हिवाळ्यात भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपणे हा त्यांचा छंद. कॅननचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, ७०-३०० ची लेन्स आहे. चिरंजीव परदेशातून पैसे पाठवतो म्हणतात, ‘बाबा, फुल फ्रेम घ्या.’ घ्यावा का?

बाबांनी चिरंजीवांचे पैसे जरूर घ्यावेत, पण फुल फ्रेम घेऊ नये! कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४८० सारखी दिसते. तीच लेन्स फुल फ्रेमवर लावली की ३०० ची ३००. रोहित एकदम दूर उडून गेल्यासारखा वाटेल. तो पुन्हा जवळ आणण्यासाठी फोटो छाटावा, तर चोवीस मेगापिक्सेलमधले जेमतेम साडेनऊ हाती उरतात. म्हणजे पैसे मोजून पक्षी लांब नेल्यासारखे झाले. जुन्या क्रॉप लेन्सेस फुल फ्रेमवर वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाला हाच अनुभव येतो. बॉडी पूर्ण चौकटीची आणि काम छाटलेल्या चौकटीचे. पक्ष्यांसाठी त्या पैशांतून लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, म्हणजे बॉडी तीच ठेवूनही रोहित दारात येईल. आणि लेन्स घेण्यापूर्वी ती हातात धरून तोलून पाहावी. पहाटेच्या होडीत तासभर ती पेलायची आहे ती चिरंजीवांना नव्हे.

वजनाचा हा मुद्दा तरुणांनाही लागू आहे. आरसा गेला म्हणून कॅमेरा हलका झाला, पण चांगली लेन्स हलकी झाली असे नाही. निकॉनची झेड पद्धतीची पहिली २४-७० एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅमची आहे. तीच एफ ४ ची ५०० ग्रॅमची, आणि ४० मिलिमीटर एफ २ फक्त १७० ग्रॅमची. कॅननची आरएफ ५० एफ १.८ तर १६० ग्रॅमची. राजगडाची चढण चढताना ही सहाशे-सातशे ग्रॅमची तफावत गुडघ्यांना कोणत्याही तज्ज्ञाहून लवकर कळते. घरी राहिलेल्या भारी कॅमेऱ्यापेक्षा पिशवीत आलेला हलका कॅमेरा केव्हाही श्रेष्ठ.

*

ज्यांचे पत्र येथे आले नाही, त्यांनी आपली नाडी स्वतः कशी पाहावी? अगदी सोपा उपाय सांगतो. त्याला एक रविवार आणि एक वही पुरे. गेल्या वर्षातले आपलेच हजार फोटो काढा. त्यांतले फसलेले बाजूला करा आणि प्रत्येकासमोर फसण्याचे कारण लिहा. फोकस चुकला, हात हलला, अंधारामुळे कणकण आली, पल्ला पुरला नाही, प्रकाशच वाईट होता, किंवा मी चुकीच्या जागी उभा होतो. मग बेरीज करा. फोकसचे रकाने भरले असतील तर मिररलेसचा उपयोग होईल. हात हलल्याचे अधिक असतील तर बॉडीतच स्थिरीकरण असलेला कॅमेरा पाहावा. सगळ्या फुल फ्रेममध्ये ते असतेच असे नाही, कॅनन आर ८ मध्ये नाही. मात्र स्थिरीकरण आपला हात स्थिर करते, नाचणाऱ्या मुलाला नव्हे. कणकणीचे अधिक असतील आणि लेन्स आधीच एफ १.८ ची असेल, तर फुल फ्रेम. पल्ल्याचे अधिक असतील तर लांब लेन्स. आणि शेवटची दोन कारणे अधिक असतील, तर औषध दुकानात मिळत नाही. ते पहाटे उठण्यात आणि दोन पावले पुढे सरकण्यात आहे.

फोटोच्या फाइलमध्ये आयएसओचा आणि लेन्सच्या पल्ल्याचा आकडा नोंदलेला असतो, तोही याच वेळी पाहावा. ज्याचे शेकडा नव्वद फोटो आयएसओ ८०० च्या आत काढलेले आहेत, त्याला अंधारावर विजय मिळवणारे यंत्र काय कामाचे? आणि ज्याचे निम्मे फोटो एकाच पल्ल्यावर आहेत, त्याला कोणती लेन्स हवी हे त्याच्याच फोटोंनी सांगून ठेवलेले आहे.

एवढे झाल्यावर बाजारात जावे. मुंबईकरांना फोर्टमधला बोरा बाजार ठाऊकच आहे. इतरांनी आपल्या शहरातले जाणते दुकान गाठावे. माहितीपत्रक घरी वाचावे, दुकानात कॅमेरा हातात घ्यावा. करंगळी खाली लोंबते का, चष्मा लावून पडदा पूर्ण दिसतो का, बटणे अंगठ्याखाली येतात का, हे पाहावे. शक्य असेल तर तीच बॉडी दोन दिवस भाड्याने आणून आपल्या नेहमीच्या कामावर वापरावी. लाखाचा निर्णय हजाराच्या भाड्यात स्वच्छ होतो. बिलाशिवाय, भारतातल्या वॉरंटीशिवाय मिळणारी ‘स्वस्त’ वस्तू घेऊ नये. वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा पडले आहे ते विचारावे, लेन्स दिव्यासमोर धरून आत बुरशीचे जाळे दिसते का ते पाहावे. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी हवाबंद कोरड्या पेटीचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. कार्ड, बॅटरी, फोटो साठवायची डिस्क, पिशवी आणि विमा हे पाच पाहुणे बॉडीबरोबर न सांगता येतात. त्यांची पाने आधीच मांडून ठेवावीत. माझा ठोकताळा असा आहे की एकूण रकमेतली निम्म्याहून अधिक रक्कम बॉडीवर घालू नये. ज्यांच्याजवळ चालणाऱ्या लेन्सेस आधीच आहेत, तेवढेच याला अपवाद.

आणखी एक. नवी आवृत्ती येणार म्हणून थांबावे का, असेही पुष्कळजण विचारतात. नवी आवृत्ती नेहमीच येणार असते. ज्याचे काम अडले आहे त्याने थांबू नये, आणि ज्याचे अडलेले नाही त्याने धावू नये. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम एका लायकावर आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केले. आपल्या होमाई व्यारावाला अवजड स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स घेऊन दिल्लीच्या दरबारी गर्दीत उभ्या राहिल्या. त्यांच्या यंत्रांना डोळा ओळखता येत नव्हता. तो त्यांना स्वतःला ओळखता येई. यंत्राने ते ओझे आपल्या डोक्यावरून उतरवले, ही चांगलीच गोष्ट आहे. मोकळ्या झालेल्या डोक्याचे पुढे काय करायचे, हे मात्र यंत्र सांगत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कॅमेरा घ्या किंवा घेऊ नका, पण हिशेब करून घ्या किंवा हिशेब करून राहू द्या. कर्ज काढून आणलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारी प्रत्येक गोष्ट थोडी हप्त्यासारखी दिसते. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातले विजेचे दिवे क्षणभर मालवून, समईच्या उजेडात घरच्यांचा एक फोटो अवश्य काढा. जो कॅमेरा हाताशी असेल त्यानेच काढा. लेन्सचे तोंड पूर्ण उघडा, कोपर भिंतीला टेकवा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा. आपल्याला नवा कॅमेरा खरोखर हवा आहे की नाही, हे त्या एका फोटोवरून पुष्कळसे कळेल.

सर्वांना ही दिवाळी सुखाची आणि प्रकाशाची जावो.